दोऱ्या डिक्शनरीत दिसतात पण सापडत नाहीत (गोडो, जत्रेतलं दुकान)

जुळेसोलापूरकर · रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दिवसा नोकरी आणि रात्री गोडो (खेळ बनवायचं इंजिन) असं आठ महिने चाललंय. खेळ साधाच आहे, सोलापूरची गड्ड्याची जत्रा, जनावरांचा बाजार आणि तिथं आपलं बैलांच्या साजाचं दुकान. गिऱ्हाईक येतं, घासाघीस करतं, आपण माल देतो, संध्याकाळी शिल्लक मोजतो. लहानपणी आजोबांचं बोट धरून त्या बाजारात फिरलोय, घुंगरमाळांचा आवाज अजून कानात आहे, म्हणून हा खेळ मला नीट करायचाय.

सगळा माल एका डिक्शनरीत आहे. की म्हणजे वस्तूचं नाव, आणि व्हॅल्यू म्हणजे आत आणखी एक डिक्शनरी, तिच्यात किंमत, शिल्लक, चित्र. एकूण १४ वस्तू. चाबूक, घुंगरमाळ, गोंडे, झूल, वेसण, म्होरकी, दोऱ्या वगैरे. यादी बहिणीने मोबाईलवर शीटमध्ये टाइप केली (तिला नावं माझ्यापेक्षा जास्त माहिती), ती मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाईल) करून आत घेतो.

आता अडचण. प्रिंट(माल) केलं की दोऱ्या तिथं स्पष्ट दिसतात, किंमत ४० आणि शिल्लक २५ सकट. पण माल.हॅज("दोऱ्या") (ही की आहे का) विचारलं की फॉल्स, म्हणजे नाही. तीन रात्री झाल्या. डोळ्यासमोर आहे आणि इंजिन म्हणतंय नाही.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. मी सगळंच डिक्शनरीत ठेवलंय, माल, गिऱ्हाइकं, बाजारभाव, सेटिंग, सगळं. एका ओळखीच्याने सांगितलं की हे चूक आहे, क्लास (ठरलेल्या कप्प्यांचा साचा) कर. का करू ते मात्र सांगितलं नाही. तुम्ही काय करता?

कोड मोबाईलवरून देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.

सातरस्ता · रात्री ११:५१

स्पेस असणार बे. सीएसव्हीत नावाच्या मागे एक स्पेस चिकटून येतेच. स्ट्रिप_एजेस (कडेच्या स्पेस काढतं) लाव आणि झोप.

जुळेसोलापूरकर · रात्री ११:५८

लावलं. दोन्हीकडे लावलं. तरी फॉल्स.

आता_पुण्यात · रात्री १२:१०

मी युनिटीवाला (तेही गेम इंजिनच), त्यामुळे गोडोचं नक्की सांगत नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. आमच्याकडे सी शार्पची डिक्शनरी इन्स्पेक्टरमध्ये दिसतच नाही, युनिटी ती सिरियलाइझ (साठवण्याजोगी) करत नाही. मग लोक दोन लिस्ट ठेवतात, एक कीची आणि एक व्हॅल्यूची, आणि खेळ सुरू होताना त्यातून डिक्शनरी भरतात. जेसनयुटिलिटीलाही (माहिती जेसन या मजकूर-रूपात साठवणारं साधन) ती चालत नाही. या कटकटीमुळे आम्हाला आपोआप शिस्त लागली. वस्तूची माहिती स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये (युनिटीची माहिती ठेवायची फाईल), आणि डिक्शनरी फक्त शोधायला.

आणि एक. आधी कंटेन्सकी विचारायचं आणि मग चौकोनी कंसाने काढायचं म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा शोध. ट्रायगेटव्हॅल्यू वापरा. गोडोत गेट आहे ना, दुसरा आकडा डिफॉल्ट देता येतो तो?

अक्का_पूर्वभाग · रात्री १२:१९

आहे. माल.गेट("चाबूक", शून्य). सापडलं नाही तर शून्य मिळतं, एरर येत नाही. पण जपून, त्याने चूक झाकली जाते. दोऱ्या नाहीत म्हणून शून्य आलं की दोऱ्या संपल्या म्हणून शून्य आलं, हे कळायचंच नाही. या केसमध्ये तर अजिबात वापरू नका, आधी मूळ शोधा.

उद्या सविस्तर लिहिते, आता मुलाची शाळा सकाळची आहे.

खतावणी · सकाळी ७:०५

मी प्रोग्रॅमर नव्हे. चादरीच्या कारखान्यात २६ वर्षं हिशेब लिहिले, निम्मी वर्षं हाताने. मुलगी गोडो शिकतेय म्हणून हा धागा तिने दाखवला. तिला मी डिक्शनरी जशी समजावली तशी इथं लिहितो, चुकलं तर सांगा.

आमच्याकडे दोन वह्या. एक कीर्द, म्हणजे रोजमेळ. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं, सकाळी सूत आलं, दुपारी रंगाऱ्याला पैसे दिले, संध्याकाळी मुंबईचं गठ्ठ्याचं बिल. दुसरी खतावणी. तिथं क्रम नाही, तिथं नाव. रंगाऱ्याचं खातं एका पानावर, सूतवाल्याचं दुसऱ्या पानावर. कीर्दीत रंगाऱ्याची बाकी शोधायची तर पहिल्या पानापासून चाळत यायला लागतं. खतावणीत सुरुवातीलाच अनुक्रमणिका, नाव बघायचं, पान नंबर बघायचा, थेट ते पान उघडायचं. वही १०० पानांची असो की ८०० पानांची, उघडायला तेवढाच वेळ.

मुलगी म्हणाली बाबा, कीर्द म्हणजे ॲरे आणि खतावणी म्हणजे डिक्शनरी. मग मी तिला विचारलं, तुझ्या खेळात कीर्द कुठे आहे? तिच्याकडे नव्हती, सगळी खतावणीच होती. फक्त खतावणी ठेवून धंदा होत नाही हो. काय घडलं त्याचा क्रमही लागतो.

तुमच्या दोऱ्यांबद्दल एक अनुभव. एकाच व्यापाऱ्याची आमच्याकडे दोन खाती निघाली होती, एक ‘बसवराज’ आणि एक ‘बसव राज’. माणूस एक, बाकी दोन पानांवर. तीन महिने ताळेबंद जुळत नव्हता. तुमचं तसंच काहीतरी असेल असं वाटतं.

लाल_टोपी_१९ · सकाळी ९:३०

काका एक नंबर. मी रोब्लॉक्समध्ये (खेळ बनवायचं ऑनलाइन व्यासपीठ) करतो, तिथं लुआउ भाषा आहे आणि तिच्यात कीर्द आणि खतावणी एकाच वहीत, टेबल म्हणतात. एकच टेबल, आकडे टाकले की ॲरेसारखं वागतं, नावं टाकली की डिक्शनरीसारखं. मोजणी १ पासून, शून्यापासून नाही. मजा असते पण एकदा मधलाच आकडा निल (रिकामा) केला आणि लांबी विचारली तर भलतंच उत्तर, कारण मध्ये भोक असलं की लांबीचा भरवसा नाही. दोन दिवस गेले माझे त्यात. आणि पेअर्सने फिरलो तर कुठल्या क्रमाने येईल ते सांगता येत नाही, रोज वेगळी यादी दिसायची स्क्रीनवर.

लुआ (लुआउची मूळ भाषा) ब्राझीलमध्ये १९९३ ला झाली आणि नावाचा अर्थ चंद्र, हे परवाच कळलं, भारी वाटलं.

अक्का_पूर्वभाग · सकाळी ११:१५

खतावणीकाका, ‘फक्त खतावणी ठेवून धंदा होत नाही’ हे वाक्य मी माझ्या शिकवणीच्या क्लासमध्ये सांगणार आहे.

आता जुळेसोलापूरकर, तुमच्याकडे. गोडोत ही अशी ‘दिसतं पण सापडत नाही’ केस मी बऱ्याचदा बघितली आहे आणि दहापैकी आठ वेळा कारण जेसन असतं. तुम्ही की म्हणून आकडा १ ठेवला, जेसनमध्ये सेव्ह केलं, परत उघडलं, की आता तो आकडा नाही, ‘१’ अशी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) आहे. जेसनमध्ये की फक्त स्ट्रिंगच असू शकते. गोडोच्या दृष्टीने आकडा १ आणि स्ट्रिंग ‘१’ या दोन वेगळ्या की आहेत. प्रिंटमध्ये हा फरक नजरेतून सहज सुटतो. व्हॅल्यूचे आकडेही फ्लोट (दशांश) होऊन येतात, त्यांना इंट() मधून काढून घ्यावं लागतं. व्हेक्टर तर थेट कंसातली स्ट्रिंग होऊन बसतो. टाइप जसाच्या तसा हवा असेल तर स्टोअर_व्हार आणि गेट_व्हार वापरा.

दुसरी नेहमीची चूक, कॉपी. दुकान२ = दुकान१ लिहिलं म्हणजे दोन दुकानं झाली नाहीत, एकाच दुकानाला दोन पाट्या लागल्या. एकात चाबूक विकला की दुसऱ्यातला कमी होतो. ड्युप्लिकेट() लिहिलं तरी वरचीच वही नवी होते, आतल्या डिक्शनऱ्या त्याच राहतात. तुमच्याकडे डिक्शनरीत डिक्शनरी आहे, म्हणून ड्युप्लिकेट(ट्रू) हवं.

तिसरी, फिरता फिरता पुसणं. शिल्लक शून्य झाली की त्याच लूपमध्ये इरेज करू नका, गोडोत ते चालत नाही, काय होईल सांगता येत नाही. माल.कीज() वर फिरा, तो वेगळा ॲरे मिळतो, मग मूळ वहीतून खुशाल पुसा.

तुमची की मुळात स्ट्रिंग आहे आणि सीएसव्हीतून येते, म्हणजे पहिलं कारण नाही. सगळ्या १४ वस्तूंना होतंय का एकट्या दोऱ्यांना?

एका_रात्रीत_गेम · दुपारी १:०२

दुसऱ्या प्रश्नावर माझं उलटं मत. सगळं डिक्शनरीत ठेवा आणि खेळ पुढे न्या. मी ४८ तासांच्या जॅममध्ये (ठरल्या वेळात खेळ बनवायचा उपक्रम) तीन खेळ केले, तिन्ही नुसत्या डिक्शनरीवर. नवीन गोष्ट सुचली की नवीन की टाकायची, झालं. क्लास लिहीत बसलो असतो तर रविवार संध्याकाळी फक्त क्लास असते, खेळ नसता. आठ महिने काम करणाऱ्या माणसाला ‘हे चूक आहे’ म्हणून घाबरवू नये. चालतंय ना, मग चालू द्या.

अक्का_पूर्वभाग · दुपारी १:२०

जॅममध्ये मीही तेच करते, त्यात वाद नाही. पण यांचा खेळ ४८ तासांचा नाही, ८ महिन्यांचा आहे. डिक्शनरीत की लिहिताना चूक झाली तर इंजिन तोंड उघडत नाही. वस्तू["किंमत"] = ५० ऐवजी वस्तू["कींमत"] = ५० लिहिलं तर नवीन कप्पा तयार होतो, जुना तसाच, भाव बदलत नाही आणि एररही नाही. तेच क्लासमध्ये वस्तू.कींमत लिहिलं आणि टाइप दिलेला असला तर लिहितानाच लाल रेघ येते. रात्री दीडला ती लाल रेघ म्हणजे देवच.

माझा आडाखा असा. कप्प्यांची नावं कोड लिहितानाच तुम्हाला माहीत असतील (किंमत, शिल्लक, चित्र), तर क्लास किंवा रिसोर्स (गोडोची माहिती ठेवायची फाईल). नावं खेळ चालू असताना कळणार असतील (कुठली वस्तू, कुठलं गिऱ्हाईक, नकाशावरची कुठली चौकट), तर डिक्शनरी.

एका_रात्रीत_गेम · दुपारी १:३१

हे पटलं. कोणी ‘का’ सांगत नाही म्हणून राग येतो, तुम्ही सांगितलंत. तरी जॅममध्ये डिक्शनरीच.

पावरलूम · दुपारी २:४५

थोडं विषयाबाहेर. वडिलांचे माग होते, चादरीचे, जेकार्डवाले. वर कार्डांची माळ फिरायची, भोक असेल तिथं उभा धागा उचलला जायचा, नसेल तिथं नाही. जेकार्डने ते फ्रान्समध्ये १८०४ ला काढलं म्हणतात, आमच्याकडे परवापरवापर्यंत तेच तत्त्व. एका मागावर मोर विणायचा असो की वेलबुट्टी, माग तोच, कार्डं बदलली. मागाला मोर माहीत नसतो.

वरचं वाचताना तेच वाटलं. तुमच्या कोडमध्ये ‘दोऱ्या’ हे नाव लिहिलेलं आहे म्हणजे मागालाच मोर शिकवलाय. नाव फक्त यादीत असलं पाहिजे, कोडला नाव कशाला माहीत हवं?

सातरस्ता · दुपारी २:५२

पावरलूमदादा, विषयाबाहेर म्हणत म्हणत विषयाच्या मधोमध आलात की. सोलापुरात धाग्यावर चर्चा म्हटल्यावर मागवाला येणारच.

लाल_टोपी_१९ · दुपारी ४:१०

मधेच विचारतो, मला गड्ड्याच्या जत्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीचा खेळ करायचाय, ६८ लिंगांचा नकाशा. लिंगांची जागा डिक्शनरीत ठेवू का? आणि क्रमाने जायचं आहे, तर गोडो बरं की रोब्लॉक्स? ६८ नोंदींनी खेळ हळू होईल का?

आता_पुण्यात · दुपारी ४:३५

६८ ने काहीही होत नाही भावा, ६८ हजारांनी विचार कर. डिक्शनरीत शोधायला लागणारा वेळ नोंदी वाढल्या म्हणून सहसा वाढत नाही, हीच तिची कमाई. उलट १०-१५ गोष्टी असतील तर साधा ॲरे चाळला तरी फरक जाणवणार नाही. वेगासाठी डिक्शनरी निवडू नकोस, कशावरून शोधायचंय ते बघून निवड.

अक्का_पूर्वभाग · दुपारी ५:००

नकाशासाठी की म्हणून व्हेक्टर२आय घ्या, पूर्णांकवाला. साधा व्हेक्टर२ घेतला तर आत फ्लोट असतो, ३ च्या जागी २.९९९९ आला की लिंग गायब. क्रमासाठी मात्र वेगळा ॲरे ठेवा. गोडोची डिक्शनरी टाकलेल्या क्रमाने परत देते हे खरं आहे, पण मिरवणुकीचा क्रम हा तुमच्या खेळाचा नियम आहे, तो वहीच्या सवयीवर सोडू नका. काकांच्या भाषेत, ही कीर्द आहे.

आणि हे ‘वेळ वाढत नाही’ कसं जमतं ते सांगते, कारण दोऱ्यांचं उत्तर त्यातच असेल असं मला आता वाटायला लागलंय. की दिली की इंजिन तिच्यापासून एक आकडा बनवतं, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्यावरून थेट कप्पा ठरतो. ही कल्पना १९५३ ला आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी मांडली. गोडो स्ट्रिंगसाठी जी रीत वापरतं तिचा गाभा एवढाच, ५३८१ पासून सुरुवात, आतापर्यंतच्या आकड्याला ३३ ने गुणायचं, पुढच्या अक्षराचा कोड मिळवायचा, असं शेवटपर्यंत. म्हणजे इंजिन अक्षर बघत नाही, अक्षराचा नंबर बघतं. एक नंबर बदलला की कप्पा बदलला.

जुळेसोलापूरकर, माझा प्रश्न अजून तसाच आहे. एकट्या दोऱ्याच का?

जुळेसोलापूरकर · संध्याकाळी ७:४०

माफ करा, ऑफिसात होतो. आत्ता एकेक वस्तू तपासली. १२ सापडतात. दोन सापडत नाहीत. ‘दोऱ्या’ आणि ‘कासऱ्याची जोडी’. बाकी चाबूक, झूल, म्होरकी सगळं नीट. दुसरं लक्षातच आलं नव्हतं, कारण कासरे खेळात पाचव्या दिवशी येतात.

डीटीपी_नवीपेठ · संध्याकाळी ८:०५

थांबा थांबा. हा आमचा प्रांत आहे.

दोऱ्या आणि कासऱ्याची. दोन्हीत काय सारखं आहे बघा. ऱ्या. अर्धा र, तो आडवा, पापणीसारखा. मराठीचा खास. तुमच्याच पोस्टमधलं ‘गिऱ्हाईक’ही त्यातलंच, ते की म्हणून कुठे वापरलं असेल तर तेही तपासा.

मी २२ वर्षं लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल जुळवतोय. श्रीलिपीच्या (जुन्या फॉन्टच्या) काळात हा प्रश्न वेगळा होता, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर) आल्यावर असा झाला की हा पापणीवाला र लिहायचे दोन रस्ते आहेत. पहिला, ऱ हे स्वतंत्र अक्षर, खाली टिंब असलेलं, त्याला हलन्त जोडायचा आणि मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर, आणि मग य. छापल्यावर बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात, भिंग लावलं तरी फरक नाही. पण आत वेगळे. कुठला कीबोर्ड कुठला रस्ता घेतो ते त्या कीबोर्डवर. बहिणीने मोबाईलवर टाइप केलं, तुम्ही लॅपटॉपवर.

माझ्याकडे एका ग्रंथालयाची यादी आली होती, तीन जणांनी तीन ठिकाणी टाइप केलेली. अनुक्रम लावला की ‘साताऱ्याचा’ दोन ठिकाणी विखुरलेला. तेव्हा कळलं, ते डोक्यात बसलं.

तपासायचं कसं ते प्रोग्रॅमरांनी सांगावं. प्रत्येक अक्षराचा नंबर काढता येत असेल ना?

अक्का_पूर्वभाग · संध्याकाळी ८:०९

येतो! युनिकोड_ॲट(आय). दोन्ही स्ट्रिंगवर लूप फिरवा आणि नंबर प्रिंट करा. लेंग्थ() पण बघा.

जुळेसोलापूरकर · संध्याकाळी ८:३१

अंगावर काटा आलाय.

माझ्या कोडमधल्या दोऱ्या, लांबी ६
२३४२, २३७९, २३५३, २३८१, २३५१, २३६६

शीटमधल्या दोर्‍या, लांबी ७
२३४२, २३७९, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६

तिसऱ्या जागेवर माझ्याकडे २३५३ म्हणजे ऱ, बहिणीकडे २३५२ म्हणजे साधा र, आणि पुढे हे ८२०५, जे कुठेच दिसत नाही. तीन रात्री मी या ८२०५ कडे बघत होतो. डीटीपीदादा, तुमचे पाय धरतो.

खतावणी · संध्याकाळी ८:४०

बसवराज आणि बसव राज. म्हटलं होतं ना. फक्त इथं मधली जागा डोळ्याला दिसत नाही एवढंच.

सातरस्ता · संध्याकाळी ८:४४

मी स्पेस म्हणालो होतो. न दिसणारं काहीतरी असणार हे तरी बरोबर निघालं बे.

एका_रात्रीत_गेम · संध्याकाळी ८:५०

मग सोपं आहे, युनिकोड नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक) करून टाका सगळं आत घेताना.

डीटीपी_नवीपेठ · संध्याकाळी ९:१२

त्याने होणार नाही. मी हे करून बघितलंय. नॉर्मलाइझ केल्यावर र आणि खालचा नुक्ता असे सुटे दोन कोड असतील तर ते जुळून ऱ होतं, हे बरोबर. पण जॉइनरवाला रस्ता युनिकोडच्या लेखी ऱ शी समान नाही, तो तसाच राहतो. आणि नुसता जॉइनर काढून टाकला तर ‘दोर्या’ होतं, डोक्यावर रफार, ते तर चूकच. ‘र, हलन्त, जॉइनर’ हे त्रिकूट शोधून त्याजागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा, स्वतःच्या हाताने.

आणि हे एकटं नाही. ॲ बघा, ‘ॲप’ मधला. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधी सगळे अ ला चंद्र लावून अॅ लिहायचे, अजून लिहितात. दिसायला सारखं, आत वेगळं, आणि तेही नॉर्मलाइझने जुळत नाही. खेळात ‘ॲल्युमिनियमची घंटा’ ठेवलीत तर परत येणार आहात इथं.

आता_पुण्यात · संध्याकाळी ९:२०

हे सी शार्पमध्येही असंच होणार, आमची डिक्शनरीही स्ट्रिंग कोड-कोड जुळवूनच बघते. मी आजपर्यंत इंग्रजी कीच वापरल्या म्हणून वाचलो. आपल्या भाषेत की ठेवायची इच्छा मलाही होती, आता कळलं काय सांभाळायला लागतं.

पावरलूम · संध्याकाळी ९:२६

त्रिकूट बदलणं म्हणजे तुटलेला धागा गाठ मारून चालवणं. गाठ बसते, पण पुढच्या कार्डावर परत तुटणार. मागाला मोर माहीत नको, मी दुपारी तेच म्हणत होतो. नाव हे दाखवायला, ओळख दुसरी असू द्या. आमच्याकडे प्रत्येक डिझाइनला नंबर असायचा, ‘वेलबुट्टी’ हे नाव फक्त गिऱ्हाइकासमोर.

अक्का_पूर्वभाग · संध्याकाळी ९:४८

पावरलूमदादांशी पूर्ण सहमत. पण मराठीत की ठेवायचीच नाही असं मी म्हणणार नाही, एवढंच म्हणेन की जी गोष्ट माणूस टाइप करतो आणि जी माणसाला दाखवायची असते, ती की नको. शीटमध्ये एक जादा रकाना करा, आयडी. साधे ठरलेले शब्द, एकदाच लिहिलेले, कधी न बदलणारे. नाव वेगळ्या रकान्यात, तिथं बहीण कुठल्याही कीबोर्डवरून लिहू दे. उद्या कन्नड किंवा तेलुगूत खेळ करायचा झाला (आमच्या पूर्वभागात निम्मं गाव तेलुगू बोलतं) तर फक्त नावाचा रकाना बदलेल. आणि त्रिकूट बदलायचं ते तरीही ठेवा, खेळात शोधायची चौकट असेल तर लागेलच.

आता तुमचा पहिल्या दिवशीचा दुसरा प्रश्न. वस्तू नावाचा रिसोर्स करा, त्यात आयडी, नाव, किंमत, चित्र. शिल्लक त्यात नको, कारण वस्तू एकच पण दुकानं अनेक. शिल्लक प्रत्येक दुकानाची वेगळी डिक्शनरी, आयडी ते आकडा. गोडो ४.४ पासून डिक्शनरीला टाइप देता येतो, डिक्शनरी[स्ट्रिंग, इंट] असं लिहा, मग चुकून भलतं काही आत जाणार नाही. फक्त आतल्या आत टाइप दिलेले ॲरे त्यात नेस्ट करता येत नाहीत, तुम्हाला लागणारही नाही. आणि विक्रीची नोंद साध्या ॲरेत, एकाखाली एक.

खतावणी · संध्याकाळी ९:५५

ती कीर्द. झाली जोडी.

जुळेसोलापूरकर · रात्री ११:३०

दोन तास बसलो. वस्तूचा रिसोर्स केला, शिल्लक वेगळी काढली, कीर्द सुरू केली. कीर्दीचा असा फायदा झाला की संध्याकाळी दुकान बंद करताना ‘आज सगळ्यात आधी काय विकलं’ हे दाखवता येतंय, ते आधी जमतच नव्हतं. दोऱ्या मिळाल्या, कासरे मिळाले. गिऱ्हाइकांची डिक्शनरी मात्र अजून जुनीच आहे, ती रविवारी.

एक नवीन अडचण. पाच जणांना खेळ खेळायला दिला होता, त्यांच्या सेव्हमध्ये की म्हणून जुनी नावंच आहेत. मावसभाऊ अक्कलकोटहून खेळतोय, त्याचा चौथा दिवस सुरू आहे, त्याची शिल्लक उडाली तर तो मला बोलून सोडेल.

अक्का_पूर्वभाग · रात्री ११:३८

जुन्या नावावरून आयडी सांगणारी एक छोटी डिक्शनरी करा, सेव्ह उघडताना तिच्यातून काढा. दोऱ्या दोन्ही स्पेलिंगने त्यात टाका, दोन्हीचा आयडी एकच. सेव्हमध्ये व्हर्जनचा आकडा ठेवा म्हणजे हे एकदाच होईल. आणि आकडे इंट() मधून काढायला विसरू नका, जेसन आहे.

लाल_टोपी_१९ · रात्री ११:४४

म्हणजे डिक्शनरीने केलेला घोळ डिक्शनरीच निस्तरणार. मी ६८ लिंगांना आत्तापासूनच आयडी दिलेत.

जुळेसोलापूरकर · रात्री १२:५२

झालं. मावसभावाची सेव्ह उघडली, दोऱ्या २५ पैकी २५ तशाच पडल्या होत्या, चार दिवसांत एकही विकली गेली नव्हती. तो म्हणत होता तुझ्या खेळात दोऱ्यांना गिऱ्हाईकच येत नाही. आत्ता त्याने पहिली विकली, ४० रुपयांना, घासाघीस न करता. बहिणीला फोटो पाठवलाय.